वरवंट्याचं बारसं

१

मे महिन्यातल्या सोलापुरात ओलं कापड दोरीवर टाकून पाठ वळवावी तोवर वाळतं. बाळंतिणीच्या घरात ही सोयच, कारण लंगोट, झबली, दुपटी यांचा ढीग रोज नव्यानं उभा राहतो. जुळे सोलापुरातल्या त्या वरच्या मजल्यावर बसव्वा सकाळी गॅलरीत धुणं टाकायची आणि चहा पिऊन होईपर्यंत कडकडीत वाळलेलं काढून आणायची. मग नातीचं न्हाणं. पाय लांब करून बसायचं, पायांवर बाळ पालथं घालायचं, तेल, बेसन-हळद, कढत पाणी, आणि सगळ्यात शेवटी टाळू भरायची. टाळूवर तेल थापताना मात्र बसव्वाचा राकट हात एकदम हलका होई. तिथं अजून हाड भरलेलं नसतं, कातडीखाली टाळू उडताना दिसते.

बसव्वाची लेक ऋतुजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नवरा शिवराज कुर्डुवाडीला रेल्वेत होता. सुट्टीच्या दिवशी यायचा, बाळाकडे बघून खुळ्यासारखा हसायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. ऋतुजा स्वतः कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. तिच्या माहेरच्या खोलीत खिडकीखालच्या फळीवर दगडच दगड मांडलेले होते आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी होती. लग्न झालं तरी दगड काही सासरी गेले नाहीत, याबद्दल बसव्वा जावयाला अधूनमधून टोमणे मारायची.

त्या सकाळी तिनं वाळलेल्या दुपट्यांची चळत पलंगावर टाकली आणि एक उचलून ऋतुजाच्या हातात दिलं.

"हे बघ गं. हे वाळंना झालंय."

निळ्या फुलांचं दुपटं होतं. पिळावं इतकं ओलं नव्हतं, पण दमट आणि गार होतं.

"जाड असेल, अव्वा."

"एकाच ताग्यातलं फाडलंय की सगळं. बाकीच्याचा पापड झालाय आन् हे काल धरनं असंच."

ऋतुजानं ते नाकाशी नेलं. बाळाच्या कपड्याला दुधाचा आणि वेखंडाचा वास येतो. याला वेगळाच वास होता. कुठंतरी घेतलेला होता तो वास, पण या घरात नव्हे. परत उन्हात टाक म्हणाली आणि बाळ रडल्यामुळे विसरूनही गेली.

२

ते निळ्या फुलांचं दुपटं बारशात वरवंट्याला गुंडाळलं होतं. वरवंटा म्हणायचा तो आपला म्हणायचा.

बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला दुपट्यात गुंडाळायचं, टोपडं चढवायचं आणि कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत पाळण्याच्या वरून-खालून या बाईच्या हातातून त्या बाईच्या हातात द्यायचं. लेकरू दगडासारखं टणक निघावं, आणि दृष्ट लागायचीच असेल तर ती दगडाला लागावी, असा त्यामागचा बायकांचा सरळ हिशोब. बसव्वा अक्कलकोटकडची, ती त्याला गुंडप्पा म्हणायची. पण मिक्सर आला तसा या घरातला पाटा-वरवंटा कधीच हद्दपार झाला होता, आणि ही गोष्ट ऐन बारशाच्या सकाळी लक्षात आली. खालच्या मजल्यावर मिक्सर. समोरच्यांकडे मिक्सर. बसव्वा कपाळाला हात लावून बसली आणि तिथनं तिची नजर फळीवर गेली.

ऋतुजा न्हाऊन बाहेर आली तेव्हा तिचा फळीवरचा, शेल खडकातला गोळा टोपडं घालून पाळण्यात निजला होता.

"अव्वा! तो वरवंटा नाहीये!"

"काळा हाय, लांबोळा हाय, जड हाय. वरवंट्याला आजून काय शिंगं पायजेत?"

जमलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. ऋतुजालाही हसू आवरेना.

तो गोळा तिनं गेल्या श्रावणात विद्यार्थ्यांच्या सहलीवरून आणला होता, तमिळनाडूतल्या अरियलूरकडच्या उघड्या-बोडक्या रानातून. तिथं शेल आहे, बोटानं पापुद्रे सुटतील असा मऊ, राखाडी खडक. क्रिटेशस काळात, म्हणजे दहा कोटी वर्षं मागं, तिथं समुद्र होता आणि त्याच्या तळच्या चिखलाचा तो खडक झाला. त्यात शिंपले सापडतात, वळ्यावळ्यांचे अमोनाइट सापडतात, आणि मधूनच असे घट्ट गोळे, नोड्यूल, सापडतात. जीव मरून चिखलात निजतो, भोवतीचा चिखल त्याला आवळत जातो आणि दगड होतो. पुष्कळदा फोडला की आत तो जीव जसाच्या तसा असतो, हे वर्गात सांगताना ऋतुजाच्या अंगावर दर वर्षी काटा यायचा.

परतीच्या गाडीत गोळा बॅगेत मावेना. रात्रभर तिनं तो ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. आपल्याला दिवस गेलेत याची तेव्हा तिला कल्पनाही नव्हती. पुढं डॉक्टरांनी हिशोब मांडला तेव्हा कळलं की त्या गाडीत ती एकटी नव्हती.

३

बारशात आणखी एक गंमत झाली. निदान त्या दिवशी तरी ती गंमतच होती.

शिवराजची धाकटी बहीण अपेक्षा टेंभुर्णीहून यायची होती. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्याचीच एसटी बंद पडलेली. ती धापा टाकत आली तेव्हा बायका ताटकळून गेल्या होत्या. आली आत्या, आली आत्या, करत त्यांनी तिला थेट पाळण्यापाशी ढकललं. उन्हातून आलेली, डोळ्यांपुढं अंधारी. पाळण्यात दुपट्यात गुंडाळलेलं टोपडं दिसलं, तशी ती वाकली आणि सगळा जीव ओतून तिनं त्या टोपड्यात तोंड घातलं.

"कुर्रर्र... आरोही!"

बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की खरं बाळ अजून बसव्वाच्या मांडीवर आहे. त्यानंतर जो हशा पिकला, तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला. अपेक्षाच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं. वरवंटा निघाला, बाळ पाळण्यात गेलं, घुगऱ्या वाटल्या, पेढे वाटले, आणि दगड कुणीतरी दुपट्यासकट फळीवर नेऊन ठेवला. दुपटं पुढं बसव्वानं धुवायला काढलं.

त्याच संध्याकाळी ऋतुजाचं दूध आटलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं, ताण घेऊ नका, पाणी भरपूर प्या. बसव्वानं शतावरी दिली, अळिवाची खीर दिली, खसखस दिली. थेंब नाही. बाळाला बाटली लागली. आणि ते बाळ इतकं गुणी निघालं की विचारू नका. रडणं नाही, किरकिर नाही. भूक लागली की नुसतं बघत पडायचं.

"आरोही," ऋतुजा पाळण्यावर वाकून म्हणायची. "आरू! ए आरोही!"

बाळ वर टांगलेल्या चिमण्यांकडे बघत राहायचं. टाळी वाजवली की दचकायचं, खुळखुळा हलवला की मान वळवायचं. म्हणजे कान ठीक होते.

"नावाला ओ देत न्हाय बघ तुझी लेक," बसव्वा म्हणाली.

"एवढ्याशा बाळाला नाव कळत नसतं, अव्वा. त्याला पुष्कळ महिने लागतात."

हे खरंच होतं आणि पुस्तकात छापलेलं होतं. तरी ऋतुजाचा जीव थाऱ्यावर नव्हता. कारण तिनं आरोही म्हटलं की खिडकीखालून तड् असा बारीक आवाज यायचा. तापलेल्या कौलाचा येतो तसा. शेल वाळताना तडकतोच, त्यात नवल काही नव्हतं. तिनं मुद्दाम दुसरी नावं घेऊन पाहिली. अपेक्षा. बसव्वा. शिवराज. खोली गप्प होती.

"आरोही," ती अगदी हळू म्हणाली.

तड्.

४

दुपारी सोलापूर दारं-खिडक्या लावून घेतं. पडदे ओढायचे, फरशीवर पाणी शिंपडायचं आणि चार वाजेपर्यंत कुणी कुणाच्या दारात जायचं नाही. बसव्वा स्वयंपाकघरात पदर तोंडावर घेऊन घोरायची. ऋतुजा खाली सतरंजीवर पडून पाळण्याची दोरी हातात धरायची. झोका जायचा, यायचा. कडी करकरायची, आणि झोप उतरता उतरता त्या करकरीतून पाणी वाजायला लागायचं.

स्वप्न म्हणावं असं त्यात फार काही नसे. ती गाडीत बसलेली असायची, मांडीवर ओढणीत काहीतरी जड, आणि बाहेर रान नसून हिरवट अंधार असायचा, वरून कुठूनतरी उजेड झिरपणारा. गाडी चालत नव्हती, डुलत होती. मांडीवरचं ओझं गाढ झोपलेलं होतं. इतकं सुख तिला जागेपणी कधी झालं नव्हतं, आणि उठताना डोळे भरून यायचे.

एका दुपारी ती अशीच हळूहळू वर आली. तिचा हात थोपटत होता. लयीत, आपोआप, बाळाला थोपटावं तसा. डोळे उघडून बघते तो कुशीत निळ्या फुलांचं दुपटं होतं आणि दुपट्यात गोळा होता. बाळ पाळण्यात होतं. पाळणा थांबलेला होता, आणि बाळ जागं होतं, कठड्याच्या फटीतून तिच्याकडे बघत होतं.

झोपेत चालत गेले असेन, दगड गुंडाळलाही मीच असेल, ती स्वतःला म्हणाली. बाळंतिणीची झोप मोडते, मग माणूस भलतंसलतं करतं. तिनं गोळा दुपट्यासकट परत फळीवर ठेवला. त्याच्या चिठ्ठीवरची शाई फुटून पसरली होती. बाकी सगळ्या चिठ्ठ्या कोरड्या होत्या. लाकडावर पांढरी कड धरली होती. तिनं बोट लावून जिभेला लावलं. खारट.

तेव्हा तिला दुपट्याचा वास आठवला. लग्नानंतर दोघं गणपतीपुळ्याला गेले होते तिथला.

५

तिनं अपेक्षाला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग तिनं जपून विचारलं, "बारशात तू बाळाच्या कानात नंतर परत कुर्र केलंस ना गं?"

पलीकडे अपेक्षा हसायला लागली. "त्या दगडाचं काय काढताय वैनी! अजून सगळी चिडवत्यात मला."

"केलंस का पण?"

"न्हाय बा. एकदाच केलं की मी. मग त्या हसण्यात कुणाला ध्यान हाय!" मग तिनंच विचारलं, "का वो? काय झालं?"

"काही नाही. तू ये ना. परत एकदा कर."

येत्या रविवारी येते, म्हणाली. ऋतुजानं फोन ठेवला आणि तिला मोकळं वाटलं. किती साधं होतं! नाव चुकून भलत्या दारात पडलं होतं, ते उचलून योग्य दारात ठेवायचं. शिकलेल्या बाईनं असा विचार करावा का, हे तिनं स्वतःला विचारलंच नाही. तिला तिची लेक हवी होती, लेकीनं वळून बघायला हवं होतं आणि दूध यायला हवं होतं.

आणि नेमका त्याच दिवशी तिच्या विभागाचे प्रमुख महेश्वर सर यांचा फोन आला. कॉलेजचं जीवाश्मांचं दालन जूनमध्ये उघडायचं होतं. "मॅडम, तो तुमचा नोड्यूल द्या की आता. फोडून अर्धा-अर्धा ठेवू. आत अमोनाइट मिळाला तर दालनाची शान वाढेल."

"न्या सर," ऋतुजा म्हणाली. "रविवारीच या."

घरातनं गेला म्हणजे संपलं. ती फळीपाशी गेली, दुपटं सोडायला. सरांना दगड दुपट्यातून कसा देणार? तिनं वरची घडी उलगडली आणि गोळ्याच्या निमुळत्या टोकावर तिचं बोट टेकलं. ते आत गेलं.

अगदी थोडं. रुपयाएवढी जागा मऊ होती. शेल ओला झाला की मऊ पडतो, गाळ सुटतो, तिच्या मनानं ताबडतोब सांगितलं. तिनं बोट काढलं नाही. बोटाखाली काहीतरी हलकंसं वर आलं आणि खाली गेलं. परत वर आलं.

मग तिनं घडी नीट मिटवली, पाळण्यापाशी आली आणि बाळाचं टोपडं मागं सारलं. सकाळचं तेल अजून चमकत होतं. तिनं टाळूवर बोट ठेवलं. हाड भरून आलं होतं. गार होतं, आणि काहीच उडत नव्हतं.

"अव्वा," तिनं आतल्या खोलीकडे हाक दिली, "हिची टाळू लवकर भरली का गं?"

"व्हय की!" बसव्वा कौतुकानं म्हणाली. "लई टणक हाय कूसू आमचं, आमचं लेकरू. गुंडप्पा पावला."

६

रविवारी महेश्वर सर आधी आले. साधा, गडबडीचा माणूस. बाळाच्या हातावर पन्नासाची नोट ठेवली, बसव्वाच्या हातचा चहा घेतला आणि गोळा उचलून वजन पाहिलं.

"बापरे! एवढा जड स्कूटरवर कुठं नेऊ? खाली अंगणात इथंच दोन करतो. हातोडी-छिन्नी आणलीय."

दुपटं त्यांनी सोडलं नाही, दगडाला टेकण लागतंच. गोळा तसाच काखेत मारून ते जिना उतरले. ऋतुजानं त्यांना उतरू दिलं. दाराच्या चौकटीला धरून तिनं ते निळं फूल वळणावर दिसेनासं होईपर्यंत पाहिलं, आणि सुटकेचा सुस्कारा टाकला.

अपेक्षा आली ती हसतच. "कुठाय माझी खरी भाची? यावेळी नीट दाखवा बाई, न्हायतर परत उखळ-बिखळ असायचं पाळण्यात." ऋतुजानं तिला पाळण्यापाशी नेलं. बसव्वा पलीकडे उभी राहिली. बाळ जागंच होतं. अपेक्षा वाकली, तिनं टोपडं बाजूला केलं आणि कानाला तोंड लावलं.

"कुर्रर्र... आरोही!"

तिघी थांबल्या. बाळानं अपेक्षाकडे पाहिलं. मग बसव्वाकडे, मग ऋतुजाकडे. परक्याच्या घरी आलेलं माणूस बघतं, कुणी ओळखीचं आहे का, तसं. आणि परत चिमण्यांकडे बघायला लागलं.

अंगणातून टक् असा आवाज आला. छिन्नीवर पहिला घाव.

ऋतुजाच्या छातीत कळ उठली. खोल, भरभरून, जीव ओढणारी कळ, आणि पोलक्याची पुढची बाजू बघता बघता ओली झाली.

"अगंबाई, पान्हा फुटला की गं!" बसव्वाला रडूच आलं. "देव पावला! घे, घे लवकर, पाज तिला." तिनं बाळ उचलून ऋतुजाच्या हातात दिलं. किती जड झालं होतं! ऋतुजानं त्याला छातीशी धरलं. बाळानं तोंड मिटलं आणि मान वळवली. त्याचे ओठ गार होते. दूध त्याच्या गालावरून ओघळून खाली सांडत राहिलं.

टक्.

"वैनी, कुटं निघालाय? वैनी!"

बाळ तिनं अपेक्षाच्या हातात कोंबलं होतं. ती गॅलरीत धावली. खाली उन्हात महेश्वर सर उकिडवे बसले होते, निळ्या दुपट्यावर गोळा, गोळ्यावर उभी एक चीर, आणि चिरेत काहीतरी ओलं चमकत होतं. सरांनी हातोडी वर उचलली होती. ऋतुजानं कठड्यावरून अर्धं अंग बाहेर काढलं आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली.

"आरोही!"

आणि खालून ओ आली.